निसर्गाचा हिशेब निसर्गाच्याच हाती

आमच्या प्रतापनगरात गेज हा शब्द पूर्वी लहान मुलालाही ठाऊक असे. गायकवाड सरकारच्या रेल्वेचे हे जुने ठाणे. अडीच फुटी रुळांवरून डभोईकडे जाणारी छोटी गाडी आमच्या ओट्यावरून दिसे. वडील रेल्वेच्याच नोकरीत असल्यामुळे रुळांमधले अंतर तपासण्याची लोखंडी मापकाठी मी शाळेत जाण्यापूर्वीच हाताळली होती. १८६२ साली डभोई ते मियागाम ही वाट प्रथम सुरू झाली तेव्हा गाडीला बैल जुंपीत, ही हकीकत वडील प्रत्येक पाहुण्याला हटकून सांगत.

अशा घरातली माझी नात परदेशी पदार्थविज्ञानाचे संशोधन करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला ती घरी आली आणि आपण गेज थिअरीवर काम करतो असे तिने सांगितले, तेव्हा पोर अखेर पणजोबांच्या वळणावर गेली असाच घरच्या मंडळींचा समज झाला. ती पोट धरून हसली. मग माझ्याजवळ बसून तिने समजावले की हा गेज रुळांचा नव्हे, निसर्गातील मूळ बलांचा आहे; आणि ज्या बलांचे गणित मोठमोठ्या यंत्रांनाही झेपत नाही, ते मोजक्या अणूंकडून वठवून घ्यावे असा तिच्या मंडळींचा उद्योग आहे. ही कल्पना मुळात कोणाची, असे मी विचारले. तिने रिचर्ड फाइनमन यांचे नाव घेतले आणि परत जाताना त्यांच्याविषयीची दोन-तीन पुस्तके माझ्या उशाशी ठेवून गेली.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. उभा जन्म हिशेब तपासण्यात गेला. तथापि त्या पुस्तकांतून मला जो गृहस्थ भेटला तो मुळात हिशेबाचाच माणूस निघाला, आणि आपल्या हातून जमेची बाजू पुरी होत नाही हे उतारवयात न लाजता मान्य करणारा. म्हणून त्यांची ही ओळख वाचकांपुढे ठेवावीशी वाटली.

रिचर्डचा जन्म ११ मे १९१८ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. घराणे यहुदी, स्थिती बेताची. वडील मेलव्हिल गणवेश विकण्याच्या धंद्यात होते. शिकण्याची हौस त्यांची स्वतःची राहून गेली होती. ती त्यांनी मुलात उतरवली. मुलाला रानात फिरायला नेऊन ते पाखरे दाखवीत, आणि पाखराचे नाव दहा भाषांत पाठ झाले तरी पाखराविषयी काही कळले असे होत नाही, हे मनावर ठसवीत. नाव माहीत असणे आणि वस्तू समजणे यांतला हा फरक मुलाने जन्मभर सोडला नाही. दहा-बारा वर्षांचा असतानाच तो शेजाऱ्यांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करू लागला. एका घरी तो रेडिओ न उघडता नुसता येरझारा घालीत राहिला, तेव्हा मालक वैतागला. मग पोराने आतल्या दोन नळ्यांची अदलाबदल केली आणि रेडिओ नीट वाजू लागला. त्याच मालकाने पुढे गावभर त्याची कीर्ती केली.

मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९३९ साली पदवी घेऊन तो प्रिन्स्टनला गेला. तेथे जॉन व्हीलर यांच्या हाताखाली १९४२ साली त्याने प्रबंध पुरा केला. त्यातली कल्पना विलक्षण होती. एखादा कण या ठिकाणाहून त्या ठिकाणी जातो तेव्हा तो एकाच वाटेने गेला असे समजू नये. शक्य असलेल्या साऱ्या वाटा जमेस धराव्या आणि त्यांची बेरीज करावी. या बेरजेत काही रकमा एकमेकींना वाढवतात, काही एकमेकींना पुसून टाकतात, आणि जे उरते ते आपल्याला दिसते. ही बेरीज पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

शाळकरी वयापासून त्याचे मन आर्लीन ग्रीनबॉम नावाच्या मुलीवर जडले होते. ती क्षयाने आजारी पडली. घरच्यांनी विवाहाला विरोध केला. पण १९४२ साली प्रबंध पुरा होताच दोघांनी लग्न केले आणि नवरी तशीच इस्पितळात दाखल झाली. लवकरच फाइनमन यांना लॉस अलामॉस येथील अणुबाँबच्या गुप्त कामावर बोलावणे आले. आर्लीनला जवळच्या आल्बुकर्की गावच्या आरोग्यधामात ठेवले, आणि दर आठवड्याच्या शेवटी मिळेल त्या वाहनाने ते तिला भेटायला जात.

लॉस अलामॉसला हॅन्स बेथ यांनी या पंचविशीतल्या तरुणाकडे आकडेमोडीचे खाते सोपवले. आज संगणक म्हटले की यंत्र डोळ्यांपुढे येते. तेथे प्रथम तो माणसांचा होता. एका खोलीत स्त्रिया हातयंत्रे घेऊन ओळीने बसत. एक फक्त गुणाकार करी, दुसरी फक्त घन काढी, आणि कार्ड पुढे सरके. आमच्या हिशेबखात्यात बिल टेबलामागून टेबल सरकत जाई, अगदी तस्से. नंतर छिद्रांच्या कार्डांवर चालणारी यंत्रे आली आणि ती चालवायला लष्करातले हुशार पोरगे आले. आपण कशाची आकडेमोड करतो आहोत हे त्या पोरांना कोणी सांगितले नव्हते. नऊ महिन्यांत तीन प्रश्न सुटले, एवढीच त्यांची मजल. फाइनमन यांनी वरिष्ठांकडे आग्रह धरून पोरांना कामाचा हेतू सांगण्याची परवानगी मिळवली. पोरे पेटून उठली, रात्री जागू लागली, आणि पुढच्या तीन महिन्यांत नऊ प्रश्न निकालात निघाले. मी ज्या कचेरीत उमेदवारी केली तेथे कारकुनाला कधीच कोणी काही सांगत नसे. म्हणून हा भाग मी दोनदा वाचला.

जून १९४५ मध्ये आर्लीनची प्रकृती खालावल्याचे कळले. मित्राची मोटार मागून घेऊन, वाटेत पंक्चर झालेली चाके बदलीत ते पोहोचले. त्यानंतर काही तासांतच, १६ जूनला, तिने प्राण सोडला. तिच्या खोलीतले घड्याळ बरोबर तिच्या मृत्यूच्या वेळी, नऊ वाजून एकवीस मिनिटांवर, थांबलेले होते. दुसऱ्या कोणी त्यात दैवी संकेत पाहिला असता. फाइनमन यांना आठवले की ते घड्याळ नाजूक होते, आपणच ते अनेकदा दुरुस्त केले होते, आणि वेळेची नोंद करताना परिचारिकेने ते उचलून पाहिले असणार. एवढ्या दुःखातही त्यांनी खोटा दिलासा घेतला नाही. पुढे दीड वर्षाच्या आत वडीलही गेले. त्याच ऑक्टोबर १९४६ मध्ये त्यांनी मृत पत्नीला एक पत्र लिहिले आणि पाकीट बंद करून ठेवले. ते त्यांच्या मृत्यूनंतरच उघडले गेले.

आर्लीनच्या मृत्यूनंतर बरोबर एका महिन्याने वाळवंटात पहिल्या बाँबची चाचणी झाली. त्या दिवशी त्यांनीही इतरांबरोबर ढोल बडवून आनंद केला. मग मात्र मनाला अवकळा आली. न्यूयॉर्कच्या उपाहारगृहात बसले असता येथे बाँब पडला तर कोठवर राख होईल याचे अंतर ते मनात मोजीत, आणि पूल बांधणारे मजूर दिसले की हे आता कशासाठी, असे त्यांना वाटे. कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली, पण नवे काही सुचेना. एके दिवशी भोजनगृहात कोणी थाळी हवेत फेकली. ती डुलत, फिरत खाली आली. डुलणे आणि फिरणे यांचे प्रमाण काय, हे त्यांनी केवळ गंमत म्हणून काढले. त्या निरुपयोगी गमतीतून मनाचे कुलूप उघडले. १९४८-४९ च्या सुमारास प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या देवघेवीचे गणित त्यांनी साध्या रेघांच्या आकृत्यांनी मांडून दाखवले. त्यासाठी १९६५ चे नोबेल पारितोषिक त्यांना ज्युलियन श्विंगर आणि सिन-इतिरो तोमोनागा यांच्याबरोबर मिळाले. श्विंगर त्यांच्याच वयाचे, त्याच शहरचे आणि कडवे प्रतिस्पर्धी होते. त्यांची पद्धत भारदस्त, फाइनमन यांची बैठकीतली; उत्तर एकच.

आता या गेजविषयी चार शब्द सांगणे भाग आहे. शब्द जर्मन गणिती हेर्मान वाइल यांनी १९१८ साली मापाच्या अर्थाने वापरला आणि १९२९ मध्ये त्याला आजचे रूप दिले. नातीने मला समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बडोद्यात बाबाशाही रुपया चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. मांडवीतले सराफ बट्टा कापून एकाचा दुसरा करून देत. समजा, बडोदे, डभोई, पादरा, प्रत्येक गावाचा रुपया वेगळा आहे. उद्या डभोईकरांनी आपल्या एका रुपयाला दहा म्हणायचे ठरवले, तर तेथले सारे भाव दसपट होतील, बट्ट्याचा दरही त्या मानाने बदलेल, आणि कोणीही श्रीमंत वा गरीब होणार नाही. प्रत्येक गावाला आपले माप ठरवण्याची ही जी मोकळीक, ती झाली गेजची मोकळीक. मात्र बडोद्याहून निघून डभोई, पादरा असे नाणे बदलत फिरून परत बडोद्याला यावे आणि हातात मूळ रकमेपेक्षा जास्त किंवा कमी निघावे, तर तो फरक खरा. कोणत्याही गावाने नाव बदलून तो पुसता येत नाही. निसर्गात गावांच्या जागी अवकाशातले बिंदू असतात, रुपयाच्या जागी कणाच्या तरंगाचा काटा कोठून मोजावा याची निवड असते, आणि फेरी पुरी केल्यावर उरणारा फरक हेच आपल्याला जाणवणारे बल. शिवाय प्रत्येक गावच्या पेढीचा रोजमेळ जुळलाच पाहिजे: तेथे जितका विद्युत्भार असेल, तितक्याच बलरेषा तेथून निघाव्या. हा दंडक क्षणभरही मोडता येत नाही.

प्रकाश आणि वीज यांचा व्यवहार हा या घराण्यातला सर्वांत सरळ भाऊ. १९५४ साली यांग आणि मिल्स यांनी त्याचा अवघड भाऊ मांडला. त्यात खुद्द बट्ट्यावरही बट्टा बसतो, म्हणजे बल वाहून नेणारे कण एकमेकांवरही ओढ लावतात. फाइनमन गुरुत्वाकर्षणाच्या कोड्यात अडकले असताना सहकारी मरे गेल-मान यांनी आधी हे सोपे प्रकरण करून पाहा असे सुचवले. १९६२ साली पोलंडमधल्या परिषदेत फाइनमन यांनी दाखवले की नेहमीच्या रीतीने बेरीज केली तर सर्व शक्यतांची गोळाबेरीज पूर्ण भरत नाही. ती भरण्यासाठी एक काल्पनिक कण खतावणीत घालून वजा करावा लागतो. शास्त्रज्ञ आज या कणांना चक्क भुते म्हणतात. हिशेबनिसाला यात नवल नाही. मेळ बसवण्यासाठी उचंत खाते उघडावेच लागते. नवल एवढेच की निसर्ग ते मान्य करतो.

पुढे कळले की अणुगर्भातील कणांना बांधणारे प्रबळ बल याच अवघड घराण्यातले आहे. प्रोटॉनच्या पोटात क्वार्क असतात, पण एकटा क्वार्क कधीच बाहेर काढता येत नाही. का येत नाही? १९७४ साली केनेथ विल्सन यांनी अवकाश सलग न धरता बुद्धिबळाच्या पटासारखे घरांचे धरून फाइनमन यांची ती सर्व वाटांची बेरीज यंत्राला करता येईल अशी केली. शंभर वाटांपैकी वजनदार वाटा सोडतीने निवडायच्या आणि सरासरी घ्यायची. या मार्गाने २००८ साली प्रोटॉनचे वजनदेखील काढता आले. मात्र टक्कर झाल्यावर क्षणाक्षणाला काय घडते, किंवा न्यूट्रॉन ताऱ्याच्या दाट पोटात काय चालते, हे विचारले की जमा आणि वजा रकमा इतक्या तुल्यबळ होतात की सोडतीत हाती शून्याभोवतीचा गोंधळ येतो.

फाइनमन यांना या बलाने पछाडले होते. १९७८ साली त्यांच्या पोटात कर्करोगाची मोठी गाठ निघाली. ती काढताना एक मूत्रपिंडही गेले. अशा शरीराने त्यांनी १९८१ साली, यंत्र न वापरता, केवळ कागद-पेन्सिलीने हा प्रश्न समजून घेण्याचा प्रयत्न केला. तीन मितींचे जग आवरेना म्हणून दोन मितींचे सपाट जग घेतले आणि तेथे तरी क्वार्क का सुटत नाहीत हे डोळ्यांपुढे आणून पाहिले. निबंध प्रसिद्ध झाला. पण ज्याला उलगडा म्हणावा तो झाला नाही, हे त्यांचे त्यांनाच कळत होते. या प्रश्नाची कठोर सिद्धता अजूनही कोणाला सापडलेली नाही. २००० सालापासून तिच्यावर दहा लाख डॉलरांचे बक्षीस लागलेले आहे.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात बॉस्टनजवळ एंडिकॉट हाउस येथे संगणक आणि पदार्थविज्ञान यांवर परिषद भरली. तेथे फाइनमन यांनी जे मांडले ते माझ्यासारख्यालाही समजते. क्वांटमच्या जगात एक वस्तू दोन अवस्थांत एकदम असू शकते. अशा दहा वस्तू घेतल्या तर १,०२४ नोंदी ठेवाव्या लागतात. वीस घेतल्या तर दहा लाखांवर. चाळीस घेतल्या तर एक लाख कोटींवर. वह्या अपुऱ्या पडतात, कारखाने भरून यंत्रे आणली तरी अपुरी पडतात. मग करावे काय? निसर्गाच्या व्यवहाराची नोंद आपल्या वहीत करण्याचा हट्ट सोडावा. ज्या नियमांनी निसर्ग चालतो त्याच नियमांनी चालणारे, हाताळता येईल असे छोटे यंत्र बांधावे, आणि त्याच्याकडून हवा तो व्यवहार वठवून घ्यावा. जन्मभर ज्याने आकडेमोडीच्या जोरावर जग जिंकले, त्याने त्रेसष्टाव्या वर्षी जाहीरपणे सांगितले की आकडेमोड येथे हरणार. मला त्यांचे मोठेपण नोबेलपेक्षा येथे अधिक दिसते. त्याच वर्षी त्यांच्यावर दुसरी मोठी शस्त्रक्रिया झाली.

हरणार म्हणून ते स्वस्थ मात्र बसले नाहीत. १९८३ च्या उन्हाळ्यात, मुलगा कार्ल याच्या ओळखीने, डॅनी हिलिस या तरुणाच्या नव्या कंपनीत ते दाखल झाले. तेथे पासष्ट हजारांवर छोटे संगणक एकत्र जोडलेले यंत्र बांधण्याचे चालले होते. नोबेलविजेत्याला काम काय द्यावे हे पोरांना सुचेना. त्यांनी थट्टेने कचेरीचे सामान आणायला पाठवले तर म्हातारा निमूट गेला. पुढे यंत्रातल्या एका भागाला सात जागा हव्यात असे अभियंत्यांचे मत असता त्यांनी गणिताने पाच पुरतात असे काढले. नाइलाजाने पाचच ठेवल्या आणि त्या पुरल्या. यंत्र तयार होण्यापूर्वीच त्यांनी स्वतः बेसिक या साध्या संगणकभाषेत क्वार्कांच्या बलाचा कार्यक्रम लिहिला आणि तो हाताने पायरी-पायरीने चालवून पाहिला. लॉस अलामॉसच्या खोलीतला तो कार्ड सरकवणारा तरुण अजून जिवंत होता.

त्यांचे सारेच वागणे अनुकरणीय होते असे म्हणणार नाही. स्त्रियांशी असलेल्या त्यांच्या वर्तनावर टीका झाली आहे आणि ती निराधार नाही. दुसरे लग्न लवकर मोडले. १९६० साली ग्वेनेथ यांच्याशी झालेले तिसरे मात्र अखेरपर्यंत सुखाचे झाले. १९८६ साली चॅलेंजर यानाच्या अपघाताची चौकशी करताना त्यांनी रबरी कड्याचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून थंडीत रबर लवचीक राहत नाही हे सर्वांपुढे दाखवले, ती हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये उरलेले मूत्रपिंड निकामी झाले. यंत्रावर रक्त शुद्ध करून आयुष्य लांबवायला त्यांनी नकार दिला आणि १५ तारखेला लॉस एंजेलिसच्या इस्पितळात देह ठेवला. त्यांच्या खोलीतल्या फळ्यावर अद्याप शिकायच्या विषयांची यादी लिहिलेली होती.

त्यांच्या पश्चात १९९६ साली सेथ लॉइड यांनी फाइनमन यांची कल्पना गणिताने पक्की केली. २०१६ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे रायनर ब्लाट आणि पीटर झोलर यांच्या मंडळींनी कॅल्शियमचे अवघे चार भारित अणू विद्युत्क्षेत्रात अधांतरी ओळीने टांगले, लेसरच्या प्रकाशाने त्यांना वागवले आणि रिकाम्या अवकाशातून कण व प्रतिकण यांची जोडी उपजताना काय होते ते वठवून पाहिले. गेजच्या बलाचे असे वठवणे डिजिटल क्वांटम यंत्रावर प्रथमच घडले. त्यासाठी निवडलेले एका मितीचे छोटे जग श्विंगर यांच्या नावाने ओळखले जाते, त्याच जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या. २०२० साली चिनी आणि जर्मन शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या जाळीत ७१ घरांची ओळ मांडून प्रत्येक घरचा रोजमेळ जुळतो की नाही हे तपासले. क्वार्कांचे खरे तीन मितींचे जग अजून फार दूर आहे. यंत्रे चुकतात, अणू डळमळतात आणि खात्यात नसलेल्या रकमा शिरतात.

गेल्या महिन्यात नातीचा फोन आला. तिच्या यंत्रातला मेळ काही केल्या बसत नव्हता. तीन आठवड्यांचे काम फुकट गेले होते, आणि हे आपल्या हयातीत व्हायचे की नाही, असे ती रडवेल्या आवाजात विचारीत होती. मी तिला काय सांगणार? प्रतापनगरहून आता ब्रॉडगेज गाडी धावते. २०२१ पासून ती थेट केवडियापर्यंत जाते. छोटी गाडी बैलांनी ओढलेली पाहणाऱ्यांपैकी कोणी ती पाहायला उरला नाही, पण वाट त्यांनीच घातली होती. मी तिला फळ्यावरच्या यादीची आठवण दिली आणि आधी जेवून घ्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला की चूक सापडली नाही, पण कोठे नाही ते कळले. आमच्या खात्यात यालाही प्रगती म्हणत.